स्टार स्कीमा

स्टार स्कीमा ही व्यावसायिक अहवालांसाठी विदागारातील सारण्या आणि त्यांचे परस्परसंबंध मांडण्याची एक पद्धत आहे. तीत व्यवहारांच्या नोंदींची सारणी मध्यभागी असते आणि तिच्याभोवती ग्राहक, वस्तू, दुकान, दिनांक अशा वर्णनपर सारण्या जोडलेल्या असतात. आकृती काढल्यास ती चांदणीसारखी दिसते, यावरून हे नाव पडले. राल्फ किंबॉल यांच्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ (१९९६) या ग्रंथामुळे या पद्धतीचा मोठा प्रसार झाला.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली संबंधाधिष्ठित विदागाराची संकल्पना मांडली. त्या विचारानुसार प्रत्येक माहिती शक्यतो एकाच ठिकाणी नोंदवली जाते व इतरत्र तिचा केवळ क्रमांक वापरला जातो. दैनंदिन नोंदींसाठी ही रीत उत्तम ठरते. अहवालासाठी मात्र अनेक सारण्या एकमेकींना जोडाव्या लागतात. स्टार स्कीमात वर्णनपर माहितीची काही पुनरुक्ती जाणीवपूर्वक पत्करून ही गुंतागुंत कमी केली जाते.

सारण्या आणि संबंध

मधल्या सारणीला तथ्यसारणी म्हणतात. तिच्यात नग, रक्कम, सवलत असे मोजता येणारे आकडे असतात. भोवतालच्या सारण्यांना मिती-सारण्या म्हणतात. (मराठीत ‘मिती’चा अर्थ तिथी असाही होतो, येथे तो अभिप्रेत नाही.) मिती-सारणीत प्रत्येक वस्तूची वा ग्राहकाची एकच ओळ असते, तर तथ्यसारणीत त्याच वस्तूच्या विक्रीच्या हजारो ओळी असू शकतात. हा ‘एकास अनेक’ संबंध होय. गाळणीची दिशा सामान्यतः मितीकडून तथ्याकडे असते : ‘साबण’ ही वस्तू निवडली, की केवळ साबणाच्या विक्रीच्या ओळी उरतात. पॉवर बीआयसारख्या प्रणालींत ही दिशा दुहेरीही करता येते. परंतु त्यामुळे एका सारणीपासून दुसरीपर्यंत एकाहून अधिक वाटा निर्माण होऊन उत्तर संदिग्ध होण्याचा संभव असतो.

सूक्ष्मता आणि दुबार मोजणी

तथ्यसारणीतील एक ओळ नेमके काय दर्शवते, हे सर्वप्रथम ठरवावे लागते. यास सारणीची सूक्ष्मता म्हणता येईल. पुष्कळ चुकांचे मूळ येथेच असते. उदाहरणार्थ, एका बिलात ६००, ३०० आणि १०० रुपयांच्या तीन वस्तू असून घरपोच सेवेचे शुल्क ५० रुपये आहे. शुल्काची नोंद बिलाच्या सारणीत आणि वस्तूंची नोंद तपशिलाच्या सारणीत आहे. दोन्ही सारण्या जोडल्या, की बिलाची ओळ प्रत्येक वस्तूबरोबर पुन्हा येते व शुल्काची बेरीज १५० रुपये होते. वस्तूंची बेरीज १,००० रुपये, म्हणजे बिनचूकच राहते. त्यामुळे संशय येत नाही. संगणकही कोणतीही त्रुटी दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने बेरीज बरोबरच असते. यावर उपाय दोन. शुल्क किमतीच्या प्रमाणात ३०, १५ आणि ५ रुपये असे वाटून प्रत्येक ओळीत नोंदवावे, किंवा बिलस्तरावरील आकड्यांची स्वतंत्र तथ्यसारणी ठेवावी.

रोजची विक्री आणि मासिक उद्दिष्ट यांची तुलना करतानाही हाच प्रश्न उद्भवतो. या दोन तथ्यसारण्या थेट एकमेकींना जोडू नयेत. दुकान, दिनांक अशा सामाईक मित्यांमार्फत त्यांचे आकडे स्वतंत्रपणे काढून मग शेजारी मांडावेत.

बदलत्या मिती

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई तालुका नव्या जिल्ह्यात गेला. वसईतील एखाद्या दुकानाच्या ओळीत ‘ठाणे’ पुसून ‘पालघर’ लिहिले, तर २०१३ची विक्रीही पालघरच्या नावे दिसू लागते आणि ठाण्याचा तेव्हाचा अहवाल आजच्या अहवालाशी जुळत नाही. इतिहास टिकवायचा असल्यास दुकानाची दुसरी ओळ नव्या कृत्रिम क्रमांकासह घालतात व प्रत्येक ओळीत ती कोणत्या काळात लागू होती ते नोंदवतात. दुकानाचा मूळ संकेतांक दोन्ही ओळींत तोच राहतो, म्हणून संबंध कृत्रिम क्रमांकावरच जोडावा लागतो. अर्थात, आजच्या जिल्हारचनेनुसार मागील वर्षांशी तुलना हवी असेल, तर जुना शब्द पुसणेच सोयीचे असते. निर्णय अहवालाच्या हेतूवर अवलंबून राहतो.

दिनांक-सारणी

दिनांकासाठी स्वतंत्र सारणी ठेवण्याचा प्रघात आहे. तीत प्रत्येक दिवसाची एक ओळ असते. भारतातील आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे तिच्यात इंग्रजी वर्षासोबत आर्थिक वर्षाचाही स्तंभ आवश्यक ठरतो. मागणीचा दिनांक आणि पोहोचवल्याचा दिनांक असे दोन्ही तथ्यसारणीत असल्यास दिनांक-सारणीशी दोन संबंध जुळतात. पॉवर बीआयमध्ये त्यांपैकी एकच एका वेळी सक्रिय राहतो. दुसरा वापरण्यासाठी सूत्रात ‘यूजरिलेशनशिप’ हे फलन वापरतात, किंवा दिनांक-सारणीची आणखी एक प्रत जोडतात.