मेल सर्व्हरला फायरवॉल आहे, पण दार उघडे आहे का?

आपल्यातले कितीतरी तरुण आज आयटीत आहेत, कुणी छोट्या कंपनीचे सर्व्हरही सांभाळतात. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही घेत आहोत.

२ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधील चार त्रुटींवर तातडीचे पॅच काढले. तोवर हल्लेखोर आत शिरले होते. घरून ब्राउझरमध्ये मेल पाहता यावा म्हणून अनेकांनी ४४३ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवले होते. त्याच वाटेने, पासवर्डशिवाय ते आले आणि पुन्हा येण्यासाठी ‘वेब शेल’ नावाची छोटी फाइल ठेवून गेले. पॅचने भोक बुजते, ती फाइल तशीच राहते. अमेरिकेत एफबीआयला न्यायालयाची परवानगी घेऊन लोकांच्या सर्व्हरवरून अशा फाइली काढाव्या लागल्या.

मग फायरवॉल काय करत होती? साधी फायरवॉल पत्ता आणि पोर्ट पाहते. ४४३ला परवानगी म्हणजे आत जाऊ दे, एवढेच तिला कळते.

म्हणून मेलपेट्यांचा सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये ठेवावा. बाहेरून २५ क्रमांकाच्या पोर्टवर मेल घेणारा रिले वेगळ्या भागात, म्हणजे डीएमझेडमध्ये असावा. कर्मचाऱ्यांनी व्हीपीएनमधूनच, पासवर्डसोबत ओटीपी देऊन आत यावे. व्हीपीएनलाही पॅच लागतात, बरं का! सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या रहदारीवरही नियम हवेत. हे बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

व्हीपीएनचा कंटाळा सगळ्यांना येतो, आणि पहिली सवलत साहेबच मागतात. आमच्या मते ती देऊ नये. कंपनीचे सर्वांत नाजूक मेल त्यांच्याच पेटीत असतात.