अतिसूक्ष्म कणांचे खत व भातपीक

युरियाच्या गोणीऐवजी नॅनो युरियाची बाटली पुरेल काय, हा प्रश्न भिवंडी तालुक्यातील भातशेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतके बारीक कण रासायनिक रीतीने करता येतात. उदाहरणार्थ, जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब मिसळला म्हणजे साका तयार होतो. तो तापविल्यावर जस्त ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिळतात. कण लहान असल्याने त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो. परंतु ते एकमेकांस चिकटूही लागतात. यास्तव त्यांवर दुसऱ्या पदार्थाचे पातळ वेष्टन चढवितात.

इफ्कोने 2021 साली आणलेल्या नॅनो युरियामागील कल्पना अशी की, सूक्ष्म कण पानांच्या छिद्रांतून थेट आत जावेत. तथापि हिशेब पाहावा. त्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत 4 टक्के प्रमाणाने सुमारे 20 ग्रॅम नत्र होते. 45 किलोच्या गोणीत 20 किलोहून अधिक असते. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात नेहमीचे नत्र कमी करून ही फवारणी केली असता भात व गहू या दोहोंचे उत्पन्न घटले.

म्हणून लावणीच्या वेळचे खत मुळीच कमी करू नये. फवारणी करावयाची झाल्यास ती फुटवे येताना व फुलोऱ्यापूर्वी, लिटरभर पाण्यात 2 ते 4 मिलिलिटर घेऊन, उघडीप पाहून करावी. बारा तासांच्या आत पाऊस आल्यास ती पुन्हा करावी लागते, हा खर्चही आधीच धरावा.