आधी कोणाची वीज तोडायची?

वीज गेली की चाचपडत मेणबत्ती शोधायची आणि त्याच अंधारात फोन फिरवून वीजमंडळाकडे तक्रार नोंदवायची, हे माझ्या पिढीने कितीदा तरी केले आहे. घरात वीज नसताना फोन कसा चालतो, हा प्रश्न मात्र आम्हाला फारसा पडला नाही. उत्तर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांच्या खोलीत होते. ज्या दोन तारांतून आवाज येई, त्याच तारांतून तिथल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्या आपल्या फोनला वीजही पुरवीत.

आता कार्यालयांत, वसतिगृहांत, रुग्णालयांत फोन संगणकाच्या जाळ्याला जोडलेला असतो आणि एक्स्चेंजचे ते काम नेटवर्क स्विच नावाच्या चपट्या पेटीकडे आले आहे. भिंतीवरच्या बटणाशी हिचे नाते फक्त नावापुरते. हिच्या दर्शनी बाजूला आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्ट असतात, आणि एका पोर्टमधून आलेली माहिती नेमक्या दुसऱ्या पोर्टला पोचवणे हे तिचे मूळ काम. माहितीच्याच तारेतून वीजही द्यायची, याचे मानक 2003 साली ठरले. त्याला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. तेव्हा पोर्टमागे 15.4 वॅट मिळत, 2009 साली 30 झाले, 2018 साली 90 पर्यंत मजल गेली. शंभर मीटर तारेत थोडी वीज वाटेतच उष्णता होऊन जाते, म्हणून 15.4 पैकी पलीकडे 12.95 वॅटच धरायचे.

या पेटीचा मला आवडणारा गुण म्हणजे ती विचारल्याशिवाय देत नाही. तार जोडली की आधी अगदी कमी दाबाची वीज सोडून ती पलीकडे चाचपते. वीज घेणाऱ्या उपकरणात 25 हजार ओहमचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. तो सापडला तर ती पुढे उपकरणाचा वर्ग, म्हणजे त्याची भूक, विचारते आणि मगच 48 व्होल्टच्या आसपासचा पूर्ण दाब देते. रोध सापडला नाही, तर फक्त माहिती. म्हणून त्याच पोर्टला लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही.

हे सारे आपोआप होते. आपोआप नीट होत नाही ते वाटप.

चोवीस पोर्टना प्रत्येकी 15.4 वॅट म्हणजे जवळजवळ 370 वॅट. पण चोवीस पोर्टच्या पुष्कळ पेट्यांची एकूण ऐपत त्याहून कमी असते. मी एका मुलींच्या वसतिगृहात जी बसवली तिची 190 वॅट होती. सोळा कॅमेरे प्रत्येकी 5 वॅट, चार वायफाय प्रत्येकी 12 आणि दोन फोन प्रत्येकी 3, अशी बेरीज 134 झाली. भर दुपारी सगळे चालवून दाखवले, सही घेतली, घरी आलो.

रात्री कॅमेऱ्यांतले अवरक्त दिवे लागले. प्रत्येकी 5चे 9 वॅट झाले आणि बेरीज 198 वर गेली. अशा वेळी पेटी पोर्टचा अग्रक्रम पाहते. तो मी ठरवलाच नव्हता; सगळे पोर्ट कारखान्यातून आले तसे ‘कनिष्ठ’ होते. सगळे सारखे असले की अनेक पेट्या मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी तोडतात. बाविसावर रेक्टरबाईंचा फोन होता, एकविसावर फाटकावरचा. तीन वॅट गेले, आणखी तीन गेले, तरी भागेना, तेव्हा विसाव्या पोर्टचे वायफाय गेले. सोळा कॅमेरे मात्र रिकामे अंगण डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. त्या रात्री एका मुलीला तापात फणफणलेली पाहून तिच्या मैत्रिणीने फाटकावर फोन लावला. तो लागेना, म्हणून ती तीन जिने उतरून पळत गेली. मुलगी वाचली, डॉक्टर वेळेवर आले; पण माझ्या बेरजेमुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंना सांगितले, की मोठी पेटी येईपर्यंत रात्री एक कॅमेरा मिटवावा लागेल. कोणता, हे पेटीने ठरवू नये. त्यांनी क्षणभर विचार केला. “फाटकाचा नको, जिन्याचा नको. सायकलींचा घ्या.” फोनचे दोन्ही पोर्ट ‘अत्यावश्यक’ केले, सायकलींचा ‘कनिष्ठ’ ठेवला, बाकी सगळे मध्ये. 198 मधून 9 गेले की 189 उरतात; निभावते.

इथे आणखी एक खोच आहे. पेटीत चालू मांडणी वेगळी आणि साठवलेली वेगळी असू शकते. बदल केला पण साठवला नाही, तर पुढच्या भारनियमनानंतर पेटी पुन्हा जुन्याच समजुतीने उठते. आणि पेटीलाच यूपीएस नसेल, तर हा सारा अग्रक्रम वीज असेपर्यंतचाच; एक्स्चेंजची बॅटऱ्यांची खोली आता ज्याची त्याने बांधायची आहे.

या वेळी मी अंधार पडेपर्यंत थांबलो. पेटीचा प्लग काढून पुन्हा लावला. सगळे उठायला दोन-चार मिनिटे गेली. कॅमेऱ्यांचे दिवे एकेक लागले, सायकलींचा मिटला. मग तिसऱ्या मजल्यावरून फाटकावर फोन लावला. चौकीदारमामांनी पहिल्याच घंटीला उचलला.