पूर्वकारी : थाई मालिकांमधलं जोडलेलं कुटुंब

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या मैत्रीविचारापाशी थांबलो होतो. ‘निकोमाखियन एथिक्स’ची एकूण दहा पुस्तकं, आणि त्यांतली आठवं आणि नववं अशी दोन अख्खी पुस्तकं मैत्रीला दिलेली. त्याचा ‘फिलिया’ हा शब्द आपल्या ‘मैत्री’पेक्षा बराच ऐसपैस आहे. आई आणि मूल, भाऊ-भाऊ, एका जहाजावरचे प्रवासी, सगळे त्यात येतात. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण थायलंडमधल्या टीव्ही मालिका समोर ठेवून. काही जण हसताहेत. हसा, हरकत नाही. आमची नात लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली तेव्हा आम्हीही हसलोच होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. दोन तरुणांच्या प्रेमाच्या थाई मालिकांची लाट २०१४ च्या ‘लव्ह सिक’पासून धरतात. २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, ‘टूगेदर’ ही मालिका जगभर पाहिली गेली. या प्रकाराचं मूळ जपानी चित्रकथांत आहे, त्यामुळे सुरुवातीच्या मालिकांना एक खोड होती. नायक म्हणायचा, मला मुलगे आवडत नाहीत, मला फक्त ‘हा’ आवडतो. म्हणजे प्रेम आहे, पण ज्यांच्यात ते प्रेम रोज जगलं जातं तो समाज नाही, ती मित्रमंडळी नाहीत. मित्र असायचे ते हसवण्यापुरते. कथोई, म्हणजे स्त्रीरूपानं वावरणारी पात्रं, तर थाई पडद्यावर वर्षानुवर्षं विनोदाच्याच कामाला जुंपलेली.

आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात त्या याच काळातल्या, पण वेगळ्या वाटेनं गेलेल्या मालिका. २०१६ मध्ये ‘डायरी ऑफ टूट्सीज’ आली, त्याच वर्षी ‘गे ओके बँकॉक’ ही वेबमालिका आली. दोन्हींचा गाभा जोडपं नाही, मित्रांचं टोळकं आहे. पहिली खळखळून हसवते. दुसरी मित्रांमित्रांत एचआयव्हीबद्दल मोकळेपणानं बोलते. आजारपण, पैशाची चणचण, मोडलेलं प्रेम, यांत धावून कोण येतं? टोळकंच येतं.

पण आज आपण मुख्यतः २०२३ च्या ‘मूनलाइट चिकन’बद्दल बोलू. आठच भागांची मालिका, दिग्दर्शक नोप्पर्नाच चैविमोन, ज्यांना तिकडे सगळे ‘ऑफ’ म्हणतात. थाई माणसाला असं एक छोटं हाकेचं नाव असतंच. पट्टाया शहरात जिम नावाच्या माणसाची रात्री उशिरापर्यंत चालणारी खानावळ आहे. पदार्थ एकच, खाव मन कै : कोंबडी उकडलेल्या पाण्यात शिजवलेला भात आणि वर कोंबडीचे तुकडे. जिम समलिंगी आहे, वयानं पोक्त, थकलेला. बहिणीचा मुलगा ली मिंग याला त्यानंच वाढवलंय. शिवाय जिमच्या आयुष्यात नव्यानं आलेला वेन आहे. कोंबड्या पुरवणाऱ्या बाईंचा मुलगा काइपा आहे, जो जिमवर मनातल्या मनात जीव टाकतो. आणि हार्ट आहे, आजारपणात ऐकू येणं बंद झालेला श्रीमंत घरातला मुलगा. त्याचे आईवडील खुणांची भाषा शिकलेले नाहीत. ली मिंग शिकतो. बस, एवढंच. जन्मदात्यांच्या घरात जे बोलणं होत नाही ते एका उडाणटप्पू वाटणाऱ्या पोराशी होतं.

आता भाषेकडे बघा. थाई माणूस वयानं थोड्या मोठ्या व्यक्तीला ‘फी’ म्हणतो आणि धाकट्याला ‘नोंग’. भाऊ असो की बहीण, शब्द तोच. आणि तोच शब्द ऑफिसातल्या वरिष्ठाला, अनोळखी दुकानदाराला, प्रियकरालाही. आपण रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणतो तसंच हे, पण आपला दादा प्रेमिकांच्या बोलण्यात शिरत नाही. तिथे शिरतो. त्यामुळे हा नात्याचा की मैत्रीचा, असा प्रश्न थाई संवादात हाकेपाशी सुटत नाही. तो वागण्यातूनच सोडवावा लागतो.

त्यांची एक म्हणही आहे : ‘फूअन किन’ सहज मिळतात, ‘फूअन ताइ’ दुर्मीळ. खाण्यापुरते मित्र आणि मरणापर्यंतचे मित्र. ॲरिस्टॉटलनं उपयोगाची मैत्री, सुखाची मैत्री आणि सद्गुणाची मैत्री असे भेद केले, त्याच वळणाचं हे शहाणपण. ‘मूनलाइट चिकन’ मात्र गंमत करते. तिथे मरणापर्यंतचे मित्र तयार होतात ते खाण्याच्या टेबलावरच. ‘जेवलास का?’ ही थायलंडमधली रोजची विचारपूस आहे आणि या मालिकेत काळजीची बरीचशी भाषा तीच आहे. स्वतः ॲरिस्टॉटलही म्हणतो की मित्रांनी बरोबर जगायला हवं. पण बरोबर जगणं म्हणजे शेवटी काय? भांडी कोण घासतं, उशिरा आलेल्यासाठी ताट कोण झाकून ठेवतं.

इथे एक अडचण आहे, तिच्यापाशी जरा थांबू. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांनी १९९१ साली सॅन फ्रान्सिस्को भागातल्या समलिंगी माणसांवर पुस्तक लिहिलं आणि ‘आम्ही निवडलेली कुटुंबं’ हा विचार रुजवला. ‘निवडलेलं’ हा शब्द थाई घराला नीट बसत नाही असं आम्हाला वाटतं. थाई नीतीचा कणा ‘बुनखुन’ आहे : बुन म्हणजे पुण्य, खुन म्हणजे गुण. कुणी तुमच्यावर केलेला उपकार आणि त्यातून जन्मभर राहणारं ऋण. ते जाणणारा तो ‘कतन्यू’, आपला कृतज्ञ. ऋण कुणी निवडत नाही. ली मिंगनं मामाला निवडलेलं नाही, तो त्याच्यावर चिडतो, त्याला अमेरिकेला पळायचंय. तरी मामानं वाढवलंय, हे काही केल्या पुसता येत नाही. मराठीत आपण ‘मानलेला भाऊ’ म्हणतो. मानणं हे निवडण्यापेक्षा जवळचं आहे. आधी घडून गेलेलं काहीतरी त्यात कबूल केलेलं असतं.

पण याच ऋणाची दुसरी बाजू बोचरी आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, बाप मुलाला टाकू शकतो, मुलगा बापाला नाही, कारण बापाचं ऋण फिटतच नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग किती क्वीअर मुलांना अनुभवानं ठाऊक असतो! त्यांच्यापुढे दुसरा अर्धा मात्र तसाच उभा राहतो. ‘बॅड बडी’ या मालिकेत (तीही ‘ऑफ’ यांचीच) हाडवैर असलेल्या शेजाऱ्यांची मुलं, पॅट आणि प्रान, एकमेकांवर प्रेम करतात. शेवटी ते आईबापांशी नातं तोडत नाहीत, त्यांच्यासमोर वेगळे झाल्याचं सोंग चालू ठेवतात. आमच्या नातीला हा शेवट भेकड वाटला. आम्हाला नाही वाटला. दोघांनी ऋणही नाकारलं नाही आणि एकमेकांना सोडलंही नाही. सोंगाची किंमत मोठी आहे, हे तिचं म्हणणं मात्र खरं आहे.

ती किंमत आम्ही जवळून पाहिली आहे. आमचे एक सहकारी तीस वर्षं एका मित्राबरोबर राहिले. आम्ही सगळे ‘मित्र’च म्हणायचो, पुढे विचारायचो नाही. ते शेवटचे आजारी पडले तेव्हा कागदावर सही करायला पुतण्या परगावाहून येईपर्यंत थांबावं लागलं. तो मित्र दारात उभा होता. कोणत्या गोळीनं पित्त होतं हे फक्त त्याला माहीत होतं, आणि त्याला कुणी विचारलं नाही. आम्हीही तिथे होतो. आम्हीही पुढे होऊन काही बोललो नाही.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता आहे, आग्नेय आशियात पहिल्यांदाच. कायद्यातले ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ जाऊन ‘व्यक्ती’ आली, ‘पती-पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ आले. असे दोघे आता मूलही दत्तक घेऊ शकतात. चळवळीतल्या लोकांची आणखी एक मागणी होती : ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांबरोबर ‘बुप्पकारी’ हा शब्द यावा. हा मुळात पालीतला ‘पुब्बकारी’, म्हणजे आधी उपकार करणारा, पूर्वकारी. अंगुत्तर निकायात बुद्ध सांगतात की दोन माणसं जगात दुर्मीळ : एक पूर्वकारी, दुसरा कृतज्ञ. रोजच्या थाई भाषेत या शब्दाचा अर्थ आईवडील, वाडवडील असाच झाला आहे, पण धातू ‘करणे’ हा आहे, जन्म देणे हा नाही. ती मागणी संसदेत मान्य झाली नाही. जोडप्याला कायद्यात जागा मिळाली. टोळक्याला नाही, आणि भाच्याला वाढवणाऱ्या जिमला त्या शब्दानं जी मिळू शकली असती, तीही नाही.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या.