इसब : त्वचेच्या भिंतीची निगा

इसब झालेल्या मुलास शिवण्यास इतर मुले कचरतात. ही भीती निराधार आहे. इसब स्पर्शाने पसरत नाही. त्याचे मूळ त्वचेच्या घडणीत असते.

त्वचेचा बाह्य थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. फिलॅग्रिन नामक प्रथिन ही भिंत बळकट करते. त्या प्रथिनाच्या जनुकातील दोष काही रोग्यांत इसबास पोषक ठरतो, असे स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. भिंत कच्ची राहिली की ओलावा बाहेर जातो, क्षोभक द्रव्ये आत शिरतात, दाह होऊन कंड सुटते. खाजविल्याने भिंत आणखी ढासळते व कंड वाढते.

हे चक्र तोडण्याचा पहिला उपाय म्हणजे भिंतीची रोजची डागडुजी. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे. अंग टिपून ते दमट असतानाच व्हॅसलिनसारखे स्निग्ध द्रव्य लावावे. नखे आखूड ठेवावीत. अंगालगत लोकरीऐवजी सुती वस्त्र असावे. दाह भडकल्यास १९५२ पासून ज्ञात असलेली स्टेरॉइडयुक्त मलमे गुणकारी ठरतात. मात्र ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच वापरावीत. तीव्र मलम परस्पर विकत आणून दीर्घकाळ चोळल्यास त्वचा पातळ होते.

पुष्कळ मुलांत वयाबरोबर हा विकार ओसरतो. तोवर त्वचा शांत दिसत असतानाही निगा चालू ठेवणे, हेच त्याच्यावरील नियंत्रणाचे मर्म होय.