पेटीचा गांधार आणि गोविंदराव टेंबे

गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की होस्टेलवर की-बोर्ड वाजायला लागतो आणि वादही सुरू होतात. "पियानोवाले सगळे तिकडचे! आपल्याकडे काय, नुसती भजनाची पेटी," हे माझ्या धुळेकर रूममेटचं ठाम मत. त्याचा देव म्हणजे हंगेरीचा फ्रान्झ लिस्ट (१८११-१८८६). माणूस मोठा होताच. बेथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी त्याने एकट्या पियानोवर उतरवल्या आणि जिप्सी वादकांच्या चाली घेऊन हंगेरियन ऱ्हाप्सोडी रचल्या. पण वादकही आणि रचनाकारही, असा एक माणूस आपल्याकडे त्या 'नुसत्या पेटी'वरच घडला. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५).

आधी पेटीचं बघू, कारण दोष तिच्यात आहे हे खरंच आहे. हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झालं. आत पितळेच्या बारीक रीड्स. भात्याची हवा आली की रीड थरथरते. एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, म्हणजे आपला कॅन्टिलिव्हरच! लांबी-जाडी ठरली की फ्रिक्वेन्सी ठरली. भाता जोरात मारला तर आवाज वाढतो, सूर फारसा हलत नाही.

आता सप्तकाचे बारा समान भाग केले की प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या साधारण १.०५९५ पट येतो. षड्ज २४० हर्ट्झ धरा. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार ५/४ पट, म्हणजे ३०० हवा. पेटी देते ३०२.४. पंचम ३६० हवा, पेटी देते ३५९.६, तो चालून जातो. गांधार मात्र बोचतो. सा आणि ग एकदम दाबून धरले तर सेकंदाला नऊ-दहा बीट्स पडतात, कान दिला तर ऐकू येतात. शिवाय मींड नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. याच कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

असल्या वाद्यावर गोविंदरावांनी नाव काढलं. कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये कान तयार झाला, पुढे भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांचा सहवास आणि मार्गदर्शन मिळालं. म्हणजे विद्या सगळी गवयांची, आणि ती उतरवायची पट्ट्यांवर. यात वादकाच्या हातात असतं तरी काय? आधीची पट्टी सोडायच्या आत पुढची धरायची, भाता श्वासासारखा खेळवायचा, कोणत्या स्वरावर थांबायचं नाही हे ओळखायचं. माझ्या मते ही खरी इंजिनिअरिंगची अक्कल. टॉलरन्स बदलता येत नसेल तर डिझाईन बदला!

पण त्यांचं मोठं काम वादनाच्या पुढचं आहे, आणि तिथे आपलं जळगाव येतं. बालगंधर्व लहानपणी जळगावला राहिले, गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे मेहबूबखाँकडे घेतले. (खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही.) हेच बालगंधर्व १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'मध्ये भामिनी झाले. नाटक खाडिलकरांचं, चाली टेंब्यांच्या.

तोवर पद्धत अशी की नाटककारच साकी, दिंडी, कीर्तनातल्या किंवा कर्नाटकी चाली घ्यायचा आणि त्यांत शब्द बसवायचा. संगीतकार म्हणून वेगळा माणूस नसायचाच. 'मानापमान'पासून तो आला. गोविंदरावांनी पूरब बाजूच्या ठुमरी, दादरा, कजरी मराठी रंगभूमीवर आणल्या, तेही बालगंधर्वांचा गळा कुठे खुलतो हे हेरून. लिस्टने जिप्सींच्या चाली मैफलीत नेल्या, यांनी कोठीवरची ठुमरी नाटकाच्या थिएटरात आणली, जिथे घरच्या बायामाणसांनाही ती ऐकता आली. मला तर हे जास्त अवघड वाटतं. त्या काळी कोठीच्या गाण्याला समाजात काय मान होता, ते सांगायला नको.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. टेंबे तिथे फार टिकले नाहीत, त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोलपट आले. १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत त्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच, समोर तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. त्यांनी लिहिलंही भरपूर. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचं पुस्तक रूममेटसाठी शोधतोय. तोवर त्याला 'मानापमान'ची पदं ऐकवणं चालू आहे. लिस्टवाला अजून हरला नाही, पण हेडफोन काढतही नाही.