विश्लेषण: वाळवंटात परसातल्या लेथचा खरा शत्रू कोण?

५ जुलै २०११ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहरावर धुळीची प्रचंड भिंत चाल करून आली. अशा वाळवंटी भागात घरामागच्या शेडमध्ये स्वस्तातला जुना लेथ बसवला, तर तो टिकेल का?

धूळ नेमके काय करते?
वाळूतील क्वार्ट्‌झ लेथच्या बिडाच्या बेडपेक्षा कठीण असतो. तेलात मिसळला की त्याची व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी पेस्ट होते. कॅरेज पुढे-मागे सरकते, तसा बेड झिजतो. तोही चकजवळ जास्त, कारण बहुतेक काम तिथेच होते. मग कॅरेज चकजवळ सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट. बेड पुन्हा ग्राइंड करून घ्यायचा, तर जुन्या लेथच्या किमतीहून जास्त पैसे जाऊ शकतात.

उपाय काय?
तुलनेने फुकटातले. कॅरेजला फेल्टचे वायपर लावायचे, काम संपल्यावर बेड पुसून ताजे तेल द्यायचे, वर जाड कापड टाकायचे. प्लास्टिक नको, त्याखाली ओल धरते. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. ती कण फटींत ढकलते. ग्राइंडर शेडबाहेरच बरा.

आणि कूलर?
इथे खरी पंचाईत. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे फटींतून धूळ कमी शिरते. पण त्याच ओलसर हवेने लोखंड गंजते. बंद ठेवला, तर शेड तापते. १०० मिमीचा पोलादी दांडा २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०२३ मिमी वाढतो. त्यामुळे बारीक मापाचे काम पहाटेच उरकलेले बरे.